दांतांच्या तारा आणि रात्रींचीं पंधरा मिनिटें

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं सभागृहांत दोन-अडीचशें मुलें एकदम तोंड उघडून गाऊं लागलीं म्हणजे व्यासपीठावर बसलेल्या शिक्षकास अशा कांहीं गोष्टी दिसतात, ज्या वर्गांत दिसत नाहींत. कोण शब्द न उच्चारतां नुसते ओंठ हलवितो तें दिसतें. कोणाची रात्रींची झोंप पुरी झाली नाहीं तें दिसतें. आणि अलीकडे आणखी एक गोष्ट दिसूं लागली आहे. पूर्वेच्या खिडकींतून येणारें ऊन पुढच्या रांगांवर पडलें कीं ठिकठिकाणीं मुलांच्या तोंडांत कांहींतरी चकाकतें. त्या दांतांच्या तारा होत. आम्ही शिक्षक झालों त्या काळीं अशी तार एखाद्या डॉक्टराच्या किंवा व्यापाऱ्याच्या मुलाच्या तोंडांत क्वचित् दिसे. आज ती शेतकऱ्याच्या, एस. टी. चालकाच्या आणि दवाखान्यांतील परिचारिकेच्या मुलांच्या तोंडांतही दिसते. याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. एकावर एक चढलेले दांत नीट घांसले जात नाहींत, पुढें आलेले दांत खेळतांना पडल्यास चटकन् तुटतात, आणि वरखालच्या दांतांची जुळणी नसेल तर घास नीट चावला जात नाहीं. तेव्हां तार बसविणें हा नुसता नटवेपणा नव्हे, हें प्रारंभींच सांगून टाकलेलें बरें.

परंतु तारेचा खर्च करणारे आईबाप, ती बसविणारे दंतवैद्य आणि ती तोंडांत बाळगणारें मूल या तिघांच्या व्यवहारांत एक चौथा पक्षही असतो. ज्याच्या हातीं मुलाच्या दिवसाची घंटा असते, तो हा पक्ष. वसतिगृहांत तो आम्ही, घरीं ती घरचीं वडील माणसें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्याच्या दांतांवर तार आहे अशा प्रत्येक मुलास रोज रात्रीं दांतांच्या फटी धाग्यानें साफ करण्यासाठीं निवांत पंधरा मिनिटें, एक आरसा आणि पुरेसा उजेड मिळाला पाहिजे. व तो मिळवून देणें हें मुलाचें नव्हे, आमचें काम आहे. हें मत आम्हांस पुस्तकांतून सुचलें नाहीं. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीनें तें आम्हांस शिकविलें.

गेल्या वर्षीं आमच्याकडे मुलांच्या वसतिगृहाची देखरेख होती. रात्रीं साडेनऊला घंटा होई आणि दिवे मालविले जात. नववींतील एक मुलगा अभ्यास आटोपून ओसरीवरील हात धुण्याच्या जागीं जाई व तेथील लहानशा आरशापुढें तोंड वासून बराच वेळ उभा राही. घंटा झाली तरी तो तेथून हलत नसे. एके रात्रीं आम्ही त्याच्या मागें जाऊन उभे राहिलों. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना पांढरा दोरा गुंडाळलेला होता, मान वर केलेली होती, आणि दोऱ्याचें एक टोंक तारेखालून बाहेर काढण्याची त्याची खटपट चालली होती. आम्हांस तो सारा प्रकार नटण्यामुरडण्याचा वाटला. "आरशापुढें इतका वेळ नवऱ्या मुलीला सुद्धां लागत नाहीं," असें एक वाक्य आमच्या तोंडून गेलें, आणि ओसरीवरचीं मुलें हंसलीं. वाक्य लहान होतें. त्यांत विनोद म्हणावा असें कांहीं नव्हतें. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला तेवढें पुरतें. दुसऱ्या दिवसापासून तो घंटेच्या आधीं अंथरुणावर दिसूं लागला, आणि आम्हांस वाटलें, पोराला शिस्त लागली.

चार महिन्यांनीं त्याचे वडील आले. ते एस. टी. चालक आहेत, रात्रींची गाडी घेऊन आले होते, अंगांत खाकी गणवेष तसाच होता. दंतवैद्यांनीं लागोपाठ दोन वेळां तार आवळण्याचें नाकारलें होतें. मुलाच्या हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, कांहीं ठिकाणीं त्या फुगून ब्रॅकेटच्या कडेवर चढल्या होत्या, आणि भाकरीचा तुकडा मोडतांना त्यांतून रक्त येत होतें. हिरड्या बऱ्या झाल्या नाहींत तर तार काढून टाकावी लागेल, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. ते आम्हांस म्हणाले, "सर, हप्ते मी भरतो, त्याचं कांही नाही. पण पोरगा म्हणतो, रात्री वेळ मिळत नाही. तेवढं तुम्ही बघा." एवढें बोलून ते गाडीच्या वेळेवर निघून गेले. मुलानें आमचें नांव त्यांना सांगितलें नव्हतें.

ते गेल्यावर आम्हीं तो दोरा कशासाठीं असतो याची माहिती मिळविली. ती आधींच मिळवावयास हवी होती. जें समजलें तें येथें देतों. कारण आमच्याइतकेच अनभिज्ञ आईबाप पुष्कळ असतील अशी आमची समजूत आहे.

दांत हा हाडांत ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो. त्याचें मूळ हाडाच्या खळगींत बारीक तंतूंनीं लटकावलेलें असतें. तारेचा सौम्य परंतु सततचा दाब पडला म्हणजे ज्या बाजूस दांत रेटला जातो त्या बाजूचें हाड हळूहळू विरघळतें, आणि त्याच्या पाठीमागें नवें हाड तयार होतें. अशा रीतीनें महिन्यास सुमारें एक मिलिमीटर या गतीनें दांत आपली जागा बदलतो. म्हणूनच या उपचारास दीड-दोन वर्षें लागतात. हें बांधकाम हिरडीच्या खालीं, आपल्या दृष्टीआड चाललेलें असतें. त्याच वेळीं जर हिरडी सुजलेली राहिली, तर ती सूज खालच्या हाडापर्यंत पोंचूं शकते, आणि मग विरघळलेलें हाड पूर्ववत् भरून येईलच असें सांगतां येत नाहीं. दंतवैद्यांनीं तार आवळण्याचें नाकारलें त्यांत त्यांचा आडमुठेपणा नव्हता. तो त्यांचा विवेक होता.

आतां हिरडी सुजते कशानें? घांसलेल्या स्वच्छ दांतावरही कांहीं तासांत सूक्ष्म जंतूंचा चिकट थर बसूं लागतो. याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. तो ओला व मऊ असेपर्यंत ब्रशानें किंवा धाग्यानें निघतो. तसाच राहिला तर लाळेंतील क्षारांनीं कठीण होऊन त्याचें कीटण बनतें, आणि मग तें दवाखान्यांत जाऊन खरवडून घेतल्यावांचून निघत नाहीं. तार नसलेल्या तोंडांत ब्रश दांतांच्या तीन बाजूंस सहज पोंचतो, परंतु दोन दांतांच्या मधल्या फटींत त्याचे केंस शिरत नाहींत. तार असलेल्या तोंडांत ही अडचण दुणावते. प्रत्येक दांतावर एक ब्रॅकेट, त्यांतून गेलेली तार, ती धरून ठेवणारीं रबराचीं कडीं, दाढांवर धातूचीं कडीं! एवढ्या सामानांत भाताचें शीत, मेथीचें पान, शेंगदाण्याचा कण अडकून बसला नाहीं तरच नवल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण धाग्याचा पक्ष घेतांना आम्हांस अतिशयोक्ति करावयाची नाहीं. तार काढल्यावर कित्येकांच्या दांतांवर ब्रॅकेटच्या जागेभोंवतीं खडूसारखे पांढरे डाग दिसतात. गोड खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात व त्या आम्लानें दांताच्या कवचांतील क्षार झिजतात. त्याची ती खूण होय. १९८२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तार लावलेल्या रुग्णांपैकीं सुमारें निम्म्यांच्या दांतांवर असा निदान एक तरी डाग आढळला होता. या डागांवर मुख्य उपाय फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि ब्रेकेटच्या वरून व खालून सावकाश फिरविलेला ब्रश हाच आहे. धाग्याचें क्षेत्र निराळें. दोन दांतांमधील फट आणि हिरडीची कड हें त्याचें राज्य. ज्यास ब्रश करण्याचा कंटाळा आहे त्यानें धागा हातीं घेऊन समाधान मानूं नये.

धाग्याची ही युक्ति नवी नाहीं. पुढें न्यू ऑर्लीन्स शहरीं नांवारूपास आलेले अमेरिकन दंतवैद्य लेव्हाय स्पिअर पार्म्ली यांनीं १८१९ सालीं आपल्या पुस्तकांत मेण लावलेल्या रेशमी धाग्यानें दांतांच्या फटी साफ कराव्या असें लिहून ठेवलें. १८८२ सालापासून कारखान्यांत तयार झालेला रेशमी धागा विकला जाऊं लागला. रेशीम लवकर विसविशीत होई; दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याच न्यू ऑर्लीन्स शहरांतील डॉक्टर चार्ल्स बास यांनीं नायलॉनच्या धाग्याचा पुरस्कार केला, आणि तेव्हांपासून हा धागा स्वस्त व टिकाऊ झाला. ब्रॅकेट मात्र पुष्कळ अलीकडचे. पूर्वीं प्रत्येक दांताभोंवतीं धातूचें कडें बसवावें लागे. १९५५ सालीं मायकेल बुओनोकोर यांनीं आम्लानें दांताचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर लुकण चिकटविण्याची रीत दाखविली. तिच्या आधारानें पुढें ब्रॅकेट थेट दांतावर चिकटवितां येऊं लागले.

आमच्या आजोबांच्या पिढीस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. निंबाची काडी, मीठ आणि राखुंडी यांवर त्यांचें दंतधावन चाले, व त्यांचे दांत चांगले होते असें घरोघर सांगतात. ज्यांचे चांगले नव्हते त्यांचे साठीच्या आंतच पडून गेल्यामुळें त्यांचा उल्लेख कोणी करीत नाहीं, अशी आम्हांस शंका आहे. (मशेरीचें नांव आम्हीं मुद्दाम घेतलें नाहीं, ती जाळलेली तंबाखू आहे, तें दंतमंजन नव्हे.) असो. ज्यानें तार बसविली आहे त्यानें निंबाची काडी चावण्याच्या भरीस पडूं नये. तिचे तंतू तारेंत गुंतून बसतात आणि चावतांना ब्रॅकेट निखळण्याचा संभव असतो. त्याहून वाईट म्हणजे आमच्या मुलांची एक खोड. मधल्या सुट्टींत दांतांत कांहीं अडकलें कीं तीं कंपासपेटींतील कर्कटकाचें टोंक तोंडांत घालतात! हें आम्हीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्याच टोंकानें बांकावर नांवें कोरलेलीं असतात, हें त्यांनीं लक्षांत आणावें.

धागा कसा वापरावा हें दंतवैद्यांकडून एकदां प्रत्यक्ष पाहून घ्यावें हें उत्तम. तरी त्याची रीत येथें देतों. प्रथम खळखळून चूळ भरावी. सुमारें एक हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर, धागा घ्यावा. मेण लावलेला असल्यास तारेवर अडकून कमी फाटतो. तार आडवी आली असल्यामुळें धागा वरून सरळ फटींत उतरत नाहीं, तो तारेखालून ओंवून घ्यावा लागतो. यासाठीं मऊ प्लॅस्टिकची, मोठ्या नेढ्याची एक सुई औषधाच्या दुकानांत मिळते. कांहीं धाग्यांचें टोंक मुळांतच ताठ केलेलें असतें, त्यांना सुई लागत नाहीं. गोधडी शिवणाऱ्या आजीनें हें काम पाहिलें तर तिला तें नवें वाटणार नाहीं. सुई गालाच्या बाजूनें तारेखालून घालून बाहेर ओढावी, मग धाग्याचीं टोंकें दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावीं आणि आंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरून धागा हलके पुढेंमागें करीत फटींत उतरवावा. येथें घाई केली तर तो झटक्यानें खालीं जाऊन हिरडी कापतो. आंत गेल्यावर तो एका दांताच्या कुशीस अर्धचंद्रासारखा लपेटून हिरडीच्या कडेखालीं अलगद न्यावा आणि तीन-चार वेळां वरखालीं करावा. मग शेजारच्या दांताच्या कुशीस तसेंच करावें. करवतीप्रमाणें आडवा ओढूं नये. शेवटीं एक टोंक सोडून धागा तारेखालून काढून घ्यावा व पुढील फटीसाठीं त्याचा स्वच्छ भाग घ्यावा.

आतां हिशेब करूं. वरच्या जबड्यांत चौदा दांत धरले तर त्यांच्यामध्यें तेरा फटी, खालच्यांत तेरा, एकूण सव्वीस. जागा करण्यासाठीं पुष्कळदां चार उपदाढा काढलेल्या असतात, तेव्हां दोन-चार फटी कमी धरा. प्रत्येक फटीस सुई ओंवणें, दोन्ही बाजू पुसणें व धागा काढणें मिळून अर्धें मिनिट म्हटलें तरी बारा-तेरा मिनिटें झालीं, आणि हें हात बसल्यावरचें. पहिल्या आठवड्यांत अर्धा तासही पुरत नाहीं. आम्हीं त्या मुलास टोकलें तेव्हां तो नवशिका होता. पहिल्या कांहीं दिवसांत थोडें रक्त येतें. त्यास भिऊन मुलें धागा टाकून देतात, आणि न साफ केलेली हिरडी अधिकच रक्त सोडते. नियमानें चालविल्यास एक-दोन आठवड्यांत रक्त बहुधा थांबतें. न थांबल्यास दंतवैद्यांस दाखवावें.

दहावींतील एका चतुर विद्यार्थ्यानें आम्हांस असें सांगितलें कीं, धाग्याचा उपयोग नाहीं हें अमेरिकेंत सिद्ध झालें आहे. त्यानें वाचलें होतें तें अगदींच निराधार नव्हतें. तेथील सरकारच्या आहारविषयक सूचनांतून धाग्याचा उल्लेख गळाला, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्यें असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें धाग्यामागील पुरावा दुबळा असल्याचें वृत्त दिलें, तेव्हां पुष्कळ आळशी लोकांना आनंद झाला. २०१९ सालीं कॉक्रेन या संस्थेनें उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला; त्यांत ब्रशाच्या जोडीला धागा वापरल्यानें हिरड्यांची सूज कांहींशी कमी होत असावी, परंतु या पुराव्याची खात्री कमी प्रतीची आहे, असा निष्कर्ष निघाला. फटींत घालावयाचे बारीक ब्रश धाग्याहून सरस ठरण्याचा संभवही तींत वर्तविला होता. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु पुरावा थोडा असणें आणि निरुपयोगीपणा सिद्ध होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आमच्या विज्ञानाच्या तासाला बसणाऱ्या मुलानें त्यांची गल्लत करूं नये. ज्या मुलाच्या दांतांत फटी मोठ्या आहेत त्यानें तो बारीक ब्रश, बाटली धुण्याच्या ब्रशाचें जणूं नातवंड, खुशाल वापरावा. तारेच्या खालीं तो उत्तम चालतो. पाण्याच्या धारेनें फटी धुण्याचें यंत्रही निघालें आहे; परवडत असेल त्यानें घ्यावें, नसेल त्याचें त्यावांचून अडत नाहीं. हत्यार कोणतें हा आमचा वाद नाहीं. कोणत्याही हत्याराला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलाच्या हातीं नसतो, हा आमचा वाद आहे.

खाण्यापिण्याविषयीं फार लिहीत नाहीं. दंतवैद्य त्याची यादीच देतात. लोणावळ्याची चिक्की, संक्रांतीचा कडक तिळगूळ, फुटाणे, दांतांनीं सोलून खाल्लेला ऊस, कणसावरून ओरबाडलेला मका, यांनीं ब्रॅकेट निखळतात. ऊस तुकडे करूनही नकोच. मका दाणे सोडवून व शिजवून खावा. रायवळ आंब्याच्या दिवसांत मात्र तार असलेल्या मुलाची आम्हांस खरोखर दया येते. रसाची वाटी त्याच्यापुढें ठेवावी. कोय चोखूं देऊं नये.

ज्या आईबापांस खर्चाची धास्ती वाटते त्यांना हें ठाऊक असावें कीं, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेंच १९३३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयांत, हे उपचार प्राध्यापकांच्या देखरेखीखालीं खाजगी दवाखान्यांपेक्षां पुष्कळ कमी खर्चांत होतात. मात्र फेऱ्या वेळेवर कराव्या लागतात, आणि गांवाहून जाणाऱ्या मुलाची त्या दिवशीं शाळा बुडते. त्या दिवसाची गैरहजेरी आम्हीं आजाराची रजा धरावी असें आमचें मत आहे. सध्यां वर्गशिक्षकाच्या मर्जीवर तें अवलंबून असतें.

त्या मुलाची आम्हीं क्षमा मागितली. बोललों होतों तें सर्वांसमोर, म्हणून क्षमाही ओसरीवर, सर्वांसमोर मागितली. "असूं द्या सर," एवढेंच तो म्हणाला आणि ओंठ मिटून हंसला. तें तारेमुळें कीं आमच्यामुळें, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं. दंतवैद्यांनीं कीटण काढलें, तो पुन्हां रोज धागा वापरूं लागला, आणि दोन महिन्यांनीं तार पुन्हां आवळण्यांत आली. उपचार लांबला, तेवढ्या अधिक फेऱ्या त्याच्या वडिलांना कराव्या लागल्या. त्यांना आम्हीं पत्र लिहून खरी हकीकत कळविली आहे.

वसतिगृहांत आतां साडेनऊची घंटा होते ती खोल्यांपुरती. ओसरीवरील दिवा दहापर्यंत चालू असतो. तेथें दुसरा एक मोठा आरसा लावला आहे, आणि धागा टाकण्यासाठीं झांकणाचा डबा ठेवला आहे, कारण नायलॉन मोरींत गेला तर नळ तुंबतो हें पहिल्याच महिन्यांत कळून आलें. यंदा पांच मुलें तेथें उभीं असतात. आठवींतील एका लहानग्याला सुई ओंवतां येत नाहीं. त्याला तो दहावींतला मुलगा शिकवितो. शाळेच्या नळाजवळ मात्र अजून आरसा नाहीं, आणि मधली सुट्टी डबा खाण्यासच पुरते. दुपारीं निदान ब्रश करून चूळ भरण्यास दहा मिनिटें अधिक द्यावीं, असा अर्ज आम्हीं मुख्याध्यापकांकडे दिला आहे.